पडद्यामागनं बघितलेला सिनेमा

मला सगळ्यात आवडलेला आकाशातला सिनेमा कोणता, असं कोणी विचारलं तर मला नाव सांगता येत नाही. नाव पडद्यावर आलं होतं, चांगलं मोठ्या अक्षरात आलं होतं, पण ते इंग्रजी होतं आणि शिवाय उलटं होतं. मी चौथी पास. सुलटं असतं तरी वाचता आलं नसतं, ती गोष्ट वेगळी. शिकलेली माणसं अशा सिनेमाला आणि अशा पुस्तकांना विज्ञानकथा म्हणतात. आमच्या घरात आम्ही 'आकाशातलं' म्हणायचो. सुमन, माझी बायको, कर्जतच्या वाचनालयातून जुने दिवाळी अंक आणायची आणि त्यातली आकाशातली गोष्ट आधी हुडकायची. मी जेवत असायचो आणि ती वाचून दाखवायची. खोपोलीला सिनेमा लागला की आम्ही जायचो, टीव्ही आल्यावर रविवारची मालिका चुकवली नाही, आणि कळंबचा दत्तू, माझ्या बरोबरीने कारखान्यात लागलेला, सायकल मारत यायचा तो फक्त भांडायला. कुठलं यान भारी, कुठला परग्रहावरचा माणूस खोटा वाटतो, कोणी कोणाची नक्कल मारली. चाळीस वर्षं भांडलो. पण भांडण शेवटी येऊन थांबायचं ते त्या बिननावाच्या सिनेमावर. दत्तूने तो पाहिलेलाही नाही. तरी आवाज त्याचाच मोठा.

सुमन गेली त्याला आता सात महिने झाले. घरात मी एकटा बोलायला लागलो म्हणून मुलगी म्हणाली, बाबा, त्यापेक्षा लिहा. म्हणून लिहितो. मला चांगलं लिहिता येत नाही, पण खरं लिहिता येतं.

आमची वाडी मोहोपाड्याच्या अलीकडे, पाताळगंगेच्या काठाला. पलीकडे कारखाने आणि कामगारांच्या कॉलन्या, अलीकडे आमची कौलं. सकाळी भोंगा झाला की आई चुलीवर भाकरी टाकायची आणि दुसरा भोंगा व्हायच्या आत बा सायकलवर टांग मारायचा. वाऱ्याची दिशा फिरली की कारखान्याचा वास यायचा, कधी सडक्या अंड्यांसारखा, कधी गोडसर. गोडसर वास आला की आई म्हणायची, आज शिरा केलाय बघ सायबानं. आई बोलकी होती. माणसांशी बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, चुलीतलं लाकूड धूर करायला लागलं तर त्यालाही दोन शिव्या द्यायची. मला बाळू म्हणायची. माझं नाव बाळाराम, पण ते फक्त शाळेच्या पुस्तकात होतं.

मी डावरा. भाकरी डाव्या हाताने तोडायचो, दगड डाव्या हाताने मारायचो. मास्तरने त्या हातावर पट्ट्या मोडल्या. बा जेवायला बसला की माझा डावा हात सुतळीने कमरेच्या करदोड्याला बांधायचा आणि मग म्हणायचा, आता खा. उजव्या हाताने कालवण अंगावर सांडायचं. आई कधी काही बोलायची नाही, पण बा उठून हात धुवायला गेला की सुतळी सैल करायची.

त्या वर्षी आईला पनवेलच्या दवाखान्यात नेलं. मी अकराएक वर्षांचा असेन. मला कोणी काही सांगितलं नाही. पोटात दुखतंय, एवढंच. महिन्याच्या वर ती तिकडे होती आणि आम्हाला चुलती जेवायला घालायची. मग एक दिवस बा तिला टेंपोतून घेऊन आला. उतरली ती बाई आईसारखी दिसत होती. पण केस निम्मे गळलेले, हातात बांगडी नाही, अंगाला फिनेलचा वास. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाळाराम, उंच झालास." मी तिथेच थबकलो. बाळाराम. मास्तरशिवाय मला तसं कोणी म्हणत नव्हतं.

कोंबड्या तिच्या पायात घोटाळल्या, ती एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी सुकटीचं कालवण केलं त्यात मीठच नव्हतं. बा गुमान जेवला. दुसऱ्या दिवशीही मीठ नव्हतं. मी तिच्याकडे बघत राहायचो आणि ती चुलीकडे बघत राहायची, लाकूड धुरावलं तरी नुसतीच डोळे चोळत. आज मला कळतं की लेकरू पोटातच गेलं होतं आणि तिच्या जिभेची चवही गेली होती. तेव्हा मला एवढंच कळलं की काहीतरी बदललंय आणि ते मोठी माणसं बोलत नाहीत.

त्याच उन्हाळ्यात पलीकडच्या एका कॉलनीच्या मैदानावर कंपनीने सिनेमा लावला. दोन खांबांना पांढरा कपडा ताणायचे. पुढे खुर्च्यांवर साहेब, मग सतरंजीवर कामगारांची माणसं. आम्हा वाडीवाल्यांना आत घेत नसत. आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर, पडद्याच्या मागच्या अंगाला बसायचो. कपडा पातळ, चित्र मागूनही तेवढंच दिसायचं. आमच्या बाजूला चांगली गवताची जागा होती, वारा होता, कोणी खोकलं तर वळून बघणारा साहेब नव्हता. मागून बघण्यात काही कमी आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

गोष्ट समजावायला भिकामामा असायचा. तो आईचा लांबचा भाऊ, मुंबईच्या गोदीत खलाशी होता, त्यामुळे साहेबाची भाषा आपल्याला येते असं त्याचं म्हणणं होतं. त्याने सांगितलेली गोष्ट अशी. एक माणूस यानात बसून वर जातो. जायच्या आधी तो घरासमोर पोराबरोबर चेंडू खेळतो. बाप चेंडू झेलतो तो डाव्या हाताने. बाप डावरा, पोर डावरं, हॉटेलवाला डाव्या हाताने चहा ओततो, पोलीस डाव्या हाताने सलाम ठोकतो. सगळं गाव डावरं. मी गवतावरून उठून गुडघ्यावर बसलो. माझ्यासारख्या माणसांचं एक अख्खं गाव कुठेतरी आहे आणि तिथे कोणी कोणाचा हात बांधत नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मग यान परत येतं. बाप उतरतो. तेच तोंड, तोच कोट. बायको त्याला मिठी मारते. पण पोर लांब उभं राहून बघतं. घरी आल्यावर तो बाप जेवत नाही, हसत नाही, खिडकीपाशी उभा राहतो. शेवटी पोर काय करतं, लपवलेला चेंडू काढतं आणि एकदम बापाच्या अंगावर फेकतं. बाप झेलतो. उजव्या हाताने.

आमच्या बाजूला कोणी श्वास घेईना. भिकामामा हळूच म्हणाला, "तोतया हाय. खरा वरच ऱ्हायला."

पडद्यावर तो तोतया पोराकडे चालत आला आणि त्याने हात पुढे केला. उजवा. पोर भिंतीला टेकलेलं. हात जवळ येतोय, जवळ येतोय, आणि तेवढ्यात मशीनमध्ये रीळ अडकलं. बापाच्या तोंडावर तपकिरी डाग पडला, तो फुगला, पसरला, डोळे जळाले, आणि पडदा कोरा झाला. पुढच्या बाजूला साहेब लोक शिट्ट्या मारत होते. आमच्या बाजूला बाया देवाचं नाव घेत होत्या. रीळ जळालं होतं. त्या सिनेमाचा पुढचा भाग कधी लागलाच नाही. पोराने तो हात धरला का, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

भीती कशाला म्हणतात ते मला त्यानंतरच्या आठवड्यात कळलं. पुढे आयुष्यात मी वायूची टाकी फुटताना दहा पावलांवरून बघितली आहे, पण ती भीती एका मिनिटाची. ही सकाळी डोळे उघडल्याबरोबर छातीवर येऊन बसायची. खरी वरच राहिली. पनवेलला राहिली. ही जी चुलीपाशी बसते, कोंबड्यांशी बोलत नाही, मीठ विसरते, बाळाराम म्हणते, ही कोण? तिने घास पुढे केला तर तो उजव्या हाताने. मी तोंड फिरवायचो. चुलतीकडे जाऊन चोरून भाकरी खायचो. बाला सांगावं तर तोही उजव्या हाताचा. मास्तर उजव्या हाताचा. कोण कधी बदललं त्याचा काय भरवसा. मी तिच्या हाताला हात लागू देत नव्हतो. तिला ते कळत होतं. एकदा ती माझ्या डोक्याला तेल लावायला आली, मी पळालो, तर ती तेलाची वाटी घेऊन तशीच ओट्यावर बसून राहिली. हे मला आता आठवतं. तेव्हा मला ती वाटीसुद्धा भीतीदायक वाटली होती.

शेवटी मी ठरवलं की बघायचंच. बा पहिल्या पाळीला गेला होता. आई परातीत पीठ मळत होती. मी झाडाखालची एक टणक कैरी घेतली, दारात उभा राहिलो आणि "आये" म्हणून हाक मारून कैरी फेकली. तिचे दोन्ही हात पिठात. कैरी भुवईवर बसली. ती ओरडली नाही. भुवईतून रक्त आलं, डोळ्यावरून गालावर, तिथून परातीत, पांढऱ्या पिठावर लाल थेंब पडले. तिने माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "का रं?"

मी पळालो. नदीत गेलो. आमच्या घाटासमोर मधोमध एक लांबट खडक आहे, त्याला हत्ती म्हणायचो. सकाळच्याला तिथपर्यंत घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जाता यायचं. मी हत्तीवर जाऊन पाय पोटाशी घेऊन दुपारपर्यंत बसलो. आता ज्याने ही नदी बघितलेली नाही त्याला सांगावं लागेल. वर खोपोलीला वीजघर आहे. तिथे वीज काढून झालेलं पाणी नदीत सोडतात. त्यामुळे आमची नदी भर उन्हाळ्यात, आभाळात ढग नसताना, दुपारी चढायची. वाडीतलं लहान पोरही पाण्याच्या वेळा ओळखून होतं, बाया धुणी त्या हिशोबाने उरकायच्या, म्हशी त्या हिशोबाने वर काढायच्या. मी तो हिशोब विसरलो. मला पाठीमागून येणाऱ्या एकाच गोष्टीची भीती होती आणि ती नदी नव्हती.

पाणी आलं तेव्हा आवाज फार झाला नाही. आधी पाणी गार झालं. मग खडकाच्या कडेचा शेवाळाचा पट्टा दिसेनासा झाला. मी उठून उभा राहिलो तर काठापर्यंतची वाट गेलेली होती आणि पाणी माझ्या पायांवरून वाहत होतं. काठावर आई उभी. भुवईला पदराची चिंधी बांधलेली. ती पाण्यात शिरली, गुडघा, मांडी, कंबर. तिथे एक करंज नदीवर वाकलेला आहे, त्याची मुळी तिने डाव्या हाताने धरली आणि उजवा हात माझ्याकडे लांब केला.

तोंड तेच. हात उजवा. जवळ येत होता.

मी मागे सरलो. खरं सांगतो, मला पाण्याची भीती वाटत नव्हती असं नाही, गुडघ्याला पाणी लागलं होतं. पण त्या हाताची भीती जास्त होती. ती म्हणत होती, धर, धर रं पोरा, आणि मी मान हलवत होतो. माझा एक पाय खडकावरून सुटला. मी कसाबसा बसलो आणि ओरडलो, "तो हात नको. तो तुजा नाय."

ती थांबली. आजूबाजूने पाणी चाललं होतं आणि ती थांबून माझ्याकडे बघत होती. तिला काय कळलं मला माहीत नाही. सिनेमा तिने पाहिला नव्हता. पण तिने मुळीवरचा हात बदलला. उजव्याने मुळी धरली, अंग वळवलं, तेवढ्यात पाण्याने तिला छातीपर्यंत ओढलं, आणि तिने डावा हात पुढे केला.

"हा घे," ती म्हणाली. "हा माजा हाय. बाळू, हा घे."

मी धरला. त्या हाताने मला पाण्यातून असं ओढलं की माझा खांदा पुढे आठवडाभर दुखत होता. उजव्या हाताने तिला घागर जड व्हायची, आणि त्या डाव्या हातात पुरुषाचं बळ होतं. काठावर चिखलात आम्ही दोघं पडलो. माझं तोंड तिच्या तळहातावर होतं. तळहाताच्या मधोमध गोल, गुळगुळीत, चकचकीत डाग होता. इतकी वर्षं तो मी भाजल्याचा समजत होतो. तो भाजल्याचाच होता, पण चुकून भाजल्याचा नव्हता. तिने मग भिजल्या लुगड्यात बसून सांगितलं की तीही जन्माची डावरी. सासरी कोण करून घेईल म्हणून तिच्या आजीने तापलेलं उलथनं तळहातावर ठेवलं होतं. तेव्हापासून उजवा. सांगताना ती रडली, पण त्या डागासाठी नाही. तिला बहीण हवी होती मला द्यायला, असं काहीतरी म्हणाली. घरी जाताना वाटेत कोंबडी आडवी आली तर तिला म्हणाली, सर बाजूला, मेलीला आताच सुचतंय. मला त्या शिवीने जेवढं बरं वाटलं तेवढं औषधाने कोणाला वाटलं नसेल.

पण गोष्ट तिथे संपली नाही. पंधराएक दिवसांनी मी मोहोपाड्याच्या गिरणीवर दळण घेऊन गेलो. तिथे कॉलनीतली एक फिटरची पोरगी रांगेत उभी होती आणि दुसऱ्या मुलीला तोच सिनेमा सांगत होती. ती सुमन. ती म्हणाली, तोतयाने चेंडू डाव्या हाताने झेलला. मी मध्ये पडलो. म्हटलं, उजव्या. ती म्हणाली, डाव्या. मी म्हटलं, अख्ख्या वाडीने बघितलंय. तिने मला विचारलं, तुम्ही कुठे बसला होता? मी सांगितलं. ती हसली नाही. हे मी तिच्यात पहिल्यापासून बघितलं, ती माणसाच्या तोंडावर हसायची नाही. गिरणीच्या खिडकीच्या काचेवर पिठाचा थर होता, त्यावर तिने बोटाने 'क' काढला आणि मला बाहेर जाऊन बघायला सांगितलं. मी बाहेरून बघितलं. क उलटा होता.

मी दळण तिथेच टाकून घरी पळत आलो. छाती फुटायला आली होती. म्हणजे त्या गावात सगळे उजवे. म्हणजे डावरा तो तोतया. म्हणजे मी. आणि आता आईही. आई वालाचं बिरडं वाढत होती, बा पाळीवर होता. मी धापा टाकत तिला सगळं सांगितलं, यान, चेंडू, पडदा, काच. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग पाट पुढे सारून म्हणाली, "म्हंजी तू बी तोतया, नि मी बी तोतया. बस आता, निवतंय."

आम्ही दोघंही डाव्या हाताने जेवलो. बिरड्यात मीठ बरोबर होतं.

पुढे सुमन माझी झाली, ती कशी झाली ते सांगण्यात अर्थ नाही, दोन्ही घरांनी मारामारी सोडून सगळं केलं. आकाशातलं वेड तिने मला लावलं आणि भीती मी तिला दिली. जळालेल्या रिळात पुढे काय झालं असेल यावर आमचं कधी एकमत झालं नाही. सुमन म्हणायची, पोराने हात धरला. दत्तू म्हणायचा, धरला असेल तर पोर मेलं. मी म्हणायचो, माहीत नाही.

गेल्या वर्षी सुमनला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि त्या डोळ्यांत मी नव्हतो. तोंड अर्धं खाली ओघळलेलं. अंगाला फिनेलचा वास. मुलगी भरवायची, तर सुमन चमचा हिसकून डाव्या हाताने खायची. पंचेचाळीस वर्षांत मी तिला डावा हात वापरताना बघितलं नव्हतं. आता लिहितो ते मुलीलाही माहीत नाही, तिने इथे वाचलं तर वाचू दे. मी घाबरलो. म्हातारा माणूस, घाबरलो. नऊ दिवस मी तिच्या खोलीत गेलो नाही. पाणी द्यायचं तर दारातून द्यायचो. कानात भिकामामा बोलायचा, खरी वरच ऱ्हायली. लाज वाटत होती आणि तरी पाय आत जात नव्हता.

दहाव्या दिवशी दत्तू आला. त्याला काय कळायचं ते कळलं असावं. तो सरळ तिच्या खाटेपाशी खुर्ची ओढून बसला आणि माझी तक्रार केल्यासारखं मोठ्याने म्हणाला, "वहिनी, ह्यो तुमचा नवरा म्हनतोय पोरानं हात धरलाच नाय. काय करायचं ह्याचं?"

मी असं काही म्हटलं नव्हतं. मी दारात उभा होतो. सुमनने मान वळवली. बराच वेळ लागला तिला. मग चादरीखालून तिचा डावा हात निघाला, हळूहळू वर आला आणि माझ्या दिशेने थांबला, हवेतच.

मी आत गेलो.

त्यानंतर ती चार दिवस होती. त्या चार दिवसांत मी तो हात फक्त जेवताना सोडला, आणि तेही मला एका हाताने भाकरी तोडता येईना म्हणून. मीठ लागत नव्हतं मला कशात.

काल दत्तूचा फोन आला. कुठल्यातरी नव्या सिनेमाचं सांगत होता, यान असं आणि यान तसं, तुझा तो जुना बिननावाचा याच्यापुढे काहीच नाही. मी म्हटलं, धरला.

"काय धरला?"

"हात. पोराने धरला."

 तो म्हणाला, "रीळ जळालेलं ना रं. तू कुठं बघितलंस?"

मी म्हटलं, समोरून बघितलं.